टेक्लाच्या छपरावरचा पाइप

व्हेर्बा गावात हिवाळ्यात बाई उठली की आधी खिडकीच्या काचेवरचे हिम नखाने खरवडते आणि शेजारणीचे छप्पर बघते. धुराड्यातून धूर निघत असेल तर ती उठली आहे, चूल पेटली आहे, काळजी नाही. धूर नसेल तर कोट चढवून जायचे. ही रीत कुणी ठरवलेली नाही, पण सस्कॅचवन प्रांतातल्या आमच्या भागात ती सगळीकडे पाळतात. माझ्या स्वयंपाकघरासमोर टेक्ला स्मेरेकाचे छप्पर होते आणि तिच्या स्वयंपाकघरासमोर माझे. दोघींचे नवरे गेल्यावर आम्ही एकमेकींवर असा पहारा ठेवून होतो. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता झाले होते, म्हणून ती मला कुमा म्हणे आणि मी तिला कुमा म्हणे.

टेक्लाचे वडील छपरे शाकारत. मी मठाच्या शाळेत सिस्टरांच्या नजरेखाली भरतकाम शिकत होते त्या वयात टेक्ला शिडीवरून वडिलांना काडाच्या पेंढ्या पोचवत होती. उंचीची भीती तिला कधीच नव्हती. तिला भीती होती पाण्याची. तळ्यात घोट्यापर्यंत उतरायलाही ती तयार नसे.

लग्न प्रोकिप स्मेरेकाशी झाले. प्रोकिप भला माणूस होता, कमी बोलणारा, पण जेवताना आवाज फार करी. बीटचे सूप तो असे भुरके की समोरच्याचा घास हातात राही. चार मुले झाली, एक जगला, तो मिरॉन. प्रोकिपने घर स्वतः बांधले. घरात नळ आणि संडास आला तोवर टेक्ला पन्नाशीला आली होती. सिंकच्या आणि संडासाच्या पाइपांना हवा मिळावी म्हणून प्रोकिपने एक लोखंडी पाइप माळ्यातून नेऊन छपराबाहेर वीतभर वर काढला. त्या पाइपकडे पुन्हा कुणी वर मान करून पाहिले नाही. तशी वेळही आली नाही.

प्रोकिप गेल्यावर टेक्ला त्या घरात एकटी राहिली. घर तापवायच्या भट्टीचे तेल महागले त्या वर्षी मिरॉन शरद ऋतूत सॅस्कटूनहून आला. गाडीच्या टपावर ऊब अडवणाऱ्या काचेच्या लोकरीच्या गुंडाळ्या होत्या. शनिवार-रविवार खपून त्याने सगळा माळा त्या लोकरीने झाकून टाकला. पूर्वी घरातली ऊब छपरातून निसटे, वरचे बर्फ वितळे आणि वळचणीला बर्फाचे सुळे लोंबत. त्या हिवाळ्यात एकही सुळा लोंबला नाही. छपरावर बर्फ अंथरलेले तसेच राहिले. टेक्ला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी. "माझ्या मुलाने घराला रजई घातली," असे ती चर्चच्या पायरीवरही सांगून आली.

डिसेंबर सरता सरता थंडी उणे पस्तिसाच्या खाली गेली आणि तिथेच बसली. त्याच सुमारास टेक्लाच्या घरात वास यायला लागला.

आमचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत येतो. आदल्या संध्याकाळच्या पवित्र जेवणाला मिरॉन आणि सून शॅरन आले होते, आणि नेहमीप्रमाणे मीही होते. त्या रात्री घरातले मृतात्मे जेवायला येतात, म्हणून एक ताट रिकाम्या खुर्चीपुढे मांडतात, आणि बसण्याआधी आपापल्या खुर्चीवर फुंकर घालतात, न जाणो कुणी बसलेले असायचे. आम्ही फुंकर घालून बसलो. मध आणि खसखस घातलेले गहू वाढून झाले. शॅरन हात धुवायला आत गेली होती. तिने संडासाची साखळी ओढली असावी, कारण स्वयंपाकघरातल्या सिंकमधून लांबलचक आवाज आला. गुड, गुड, गुड, आणि शेवटी एक भुरका.

टेक्लाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. "आलास का? सावकाश खा रे प्रोकिप, सगळ्यांना पुरेल."

मी हसले. मिरॉनही हसला असता, पण तेवढ्यात शॅरन दारात येऊन उभी राहिली होती. तिला आमची बोली येत नाही. सासू रिकाम्या खुर्चीशी बोलते आहे एवढे तिला दिसले.

"काय म्हणाल्या त्या?" तिने विचारले.

मिरॉनने सांगितले. इंग्रजीत सांगताना त्यातली गंमत गळून गेली आणि नुसता गेलेला नवरा तेवढा राहिला. शॅरन खाली बसली. तिने खुर्चीवर फुंकर घातली नाही. नाकाशी रुमाल मात्र नेला.

दुसऱ्या दिवशी शॅरनने वासाचा शोध घेतला. तळघरात खारवलेल्या कोबीचे पिंप होते. आमच्याकडे प्रत्येक घरात असते. मिरॉनने ते कण्हत वर आणले आणि अंगणातल्या खोपटात नेऊन ठेवले. वास गेला नाही. मग शॅरनने टेक्लाच्या पलंगावरच्या चादरी काढल्या. कपाटातले कपडे, आतले-बाहेरचे, सगळे गोळा केले आणि धुवायला टाकले. टेक्ला दारात उभी राहून पाहत होती.

"धुतलेले आहेत ते," ती म्हणाली.

"असू देत, मामा," शॅरन म्हणाली. "पुन्हा धुऊ."

आमच्याकडे आईला मामा म्हणतात, तेवढा एक शब्द तिने उचलला होता. आवाज गोड होता. सून काय शोधते आहे ते टेक्लाला कळले. मला हे तिने नंतर सांगितले तेव्हा शॅरनला तिने नावे ठेवली नाहीत. एवढेच म्हणाली, "तिच्या जागी मी असते तरी चादरीच हुंगल्या असत्या."

निघताना मिरॉन आईचा हात हातात घेऊन बसला. शेजारच्या शहरातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होती. त्याने फोन करून ती धरून ठेवायला सांगितली होती. नाताळानंतर बारा दिवसांनी जॉर्डनचा सण असतो, त्या दिवशी तो येईल आणि तिला घेऊन जाईल. फक्त हिवाळ्यापुरते. व्हेर्बामधून फक्त हिवाळ्यापुरती गेलेली माणसे आम्हा दोघींना नावानिशी माहीत होती. त्यांच्या घरांच्या खिडक्यांना आता फळ्या ठोकलेल्या आहेत.

त्यानंतर एका सकाळी ती माझ्याकडे आली. कोट काढला, शाल काढली आणि माझ्यापुढे मान वाकवली.

"कुमा, माझा वास घे."

"काय?"

"वास घे म्हणते ना. मानेचा घे, बगलेचा घे. आणि खरं सांग. माझी भीड धरलीस तर तुला देव विचारील."

मी घेतला. साबण, लसूण आणि पेटीत ठेवलेल्या लोकरीला येतो तो वास. बाकी काही नाही.

"तुला नाही येत."

"आणि घराला?"

"घराला येतो."

ती खुर्चीवर बसली आणि तिने मोठा श्वास सोडला. "म्हणजे नाक ठिकाणावर आहे माझं. मला वाटलं, माझ्याच अंगाला येतोय आणि मलाच कळत नाहीये."

थोड्या वेळाने इल्को बाबिय माझ्याकडे कॉफीला आला. इल्को ब्रह्मचारी, जन्मभर रेल्वेच्या रुळांवर काम केलेला. गावातल्या सगळ्या बायकांकडे त्याचा एकेक वार ठरलेला होता. प्रोकिपची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती.

"काय टेक्ला, नवरा अजून भुरकतोय का सिंकमध्ये?"

"तू कॉफी भुरकतोयस तेवढी पुरे," टेक्ला म्हणाली.

मी मघाशी कपडे धुऊन मशीनचे गरम पाणी सोडले होते. टेक्लाही तिच्याकडचे मशीन लावूनच आली होती. ती माझ्या खिडकीशी उभी होती. तिने दार उघडून मान बाहेर काढली आणि माझे छप्पर पाहिले, मग आपले पाहिले, मग पुन्हा माझे.

"कुमा, तुझ्या पाइपातून वाफ निघतेय."

"निघणारच. गरम पाणी गेलंय खाली."

"मग माझ्या का नाही निघत?"

आम्ही तिघे दारात गेलो. ऊन लख्ख होते आणि वाऱ्याचे नाव नव्हते. माझ्या छपरावरच्या पाइपातून पांढरा धागा सरळ वर चालला होता. टेक्लाच्या पाइपाला पांढरी टोपी चढली होती, अळंबीसारखी गोल. त्यातून काहीच बाहेर येत नव्हते.

"गोठला," इल्को म्हणाला. "घरातली वाफ वर जाते आणि तोंडाशी बर्फ होते. मग पाइपाला वरून हवा मिळत नाही. पाणी खाली जाताना सिंकमधून हवा ओढतं. हाच तुझा प्रोकिप. आणि गटाराचा वास तुमच्या जेवणात."

"इतकी वर्षं नाही गोठला तो?"

"इतकी वर्षं तू आभाळ तापवत होतीस. माळ्यावर ऊब होती. आता मिरॉननं खाली लोकर अंथरली, वर पाइप बिचारा उघडा कुडकुडतोय."

मला वाटले टेक्लाला आनंद होईल. पण ती म्हणाली, "म्हणजे त्यानंच बंद केला."

"फोन कर त्याला," मी म्हणाले. "सांग की कारण सापडलं."

"काय सांगू? आधी म्हणाले सिंकमध्ये नवरा आहे. आता म्हणू, नाही बाबा, नवरा नाही, छपराला टोपी आहे? शॅरन फोन ठेवायच्या आधी खोकी भरायला घेईल." तिने शाल गुंडाळली. "आधी उघडायचा. मग बोलायचं."

इल्को म्हणाला की साधे गरम पाणी ओतून उपयोग नाही, या थंडीत ते पाइपाच्या गळ्यातच पुन्हा गोठेल. पाण्यात मीठ हवे, आणि भरपूर हवे. टेक्लाकडे एवढे मीठ नव्हते, माझ्याकडेही नव्हते. मग तिला खोपटातले पिंप आठवले. कोबीचे पाणी खारट असल्यामुळे दगड झाले नव्हते, नुसता चुरा झाला होता. आम्ही ते दोन बादल्या आत आणले आणि दुधाच्या मोठ्या भांड्यात चुलीवर उकळायला ठेवले. घरभर आंबूस वाफ झाली. डोळ्यांतून पाणी यायला लागले.

"मी चढलो असतो," इल्को म्हणाला, "पण हा गुडघा..."

"तुझा गुडघा अर्ध्या शिडीवर अडकेल, आणि मग तुला उतरवायला मलाच चढावं लागेल. तू खाली धर."

धुराडे झाडण्यासाठी प्रोकिपने छपरावर लाकडी पायऱ्या ठोकून ठेवल्या होत्या. टेक्लाने प्रोकिपची विजार चढवली, वर स्कर्ट, पायांत मोज्यांचे दोन जोड आणि जाड लोकरी नमद्याचे बूट. पायऱ्यांवरचे बर्फ झाडत ती वर गेली. मी बादलीला दोर बांधत होते, इल्कोने शिडी दोन्ही हातांनी धरली होती.

"इल्को, शिडीकडे बघ. माझ्या घोट्यांकडे बघू नकोस."

"एवढ्या मोज्यांत घोटे शोधायला कंदील लागेल."

"कुमा, दोर सैल सोड! बादली वर यायचीय, मी खाली नाही."

तिने पहिली बादली ओतली. वाफेत ती कमरेपर्यंत दिसेनाशी झाली. काही झाले नाही. टोपी अर्धी खचली, पण आत पांढरे तसेच होते. दुसरी बादली तिने हळूहळू, पातळ धारेने ओतली, झाडाला पाणी घालावे तशी. अचानक घराच्या आतून आवाज आला. उघड्या दारातून तो आम्हाला स्पष्ट ऐकू आला. सिंकने एक मोठा घोट घेतला आणि मग शांत झाले. वर पाइपातून वाफ निघायला लागली.

"उघडला!" टेक्ला ओरडली. कोबीचा वास रस्त्यापलीकडे पोस्टापर्यंत गेला होता. पोस्टातली बाई दारात येऊन बघत होती. टेक्लाने तिला हात केला.

उतरताना तिचा पाय घसरला. सांडलेले पाणी पायरीवर गोठले होते. ती बसकण मारून हातभर खाली आली, तिने लाकूड पकडले आणि थांबली. मी काही ओरडले की नाही ते आठवत नाही. मग ती एकेक पाय टाकत खाली आली आणि म्हणाली, "कुणी काही पाहिलेलं नाही, कळलं?" मनगट सुजायला लागले होते. मी कोबीचे पान ठेचून त्यावर बांधले.

जॉर्डनच्या सणाला फादर घराघरांतून मंतरलेले पाणी शिंपडत येतात. ते टेक्लाकडे आले तेव्हा मिरॉन आणि शॅरनही नुकतेच पोचले होते. त्यांनी गाडीतून रिकामी खोकी आणून पडवीत रचली होती. फादरांनी चारही खोल्यांत पाणी शिंपडले, स्वयंपाकघरात नाक वर केले, "आहाहा, कोबी," म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. मी आणि इल्को जेवायला थांबलो होतो.

शॅरन बाथरूममध्ये गेली. तिने साखळी ओढली. आम्ही सगळे सिंककडे पाहत होतो. सिंक गप्प होते. ती बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"वास नाही," ती म्हणाली. मग सासूकडे वळून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "मामा, वास गेला."

"पाइप होता," टेक्ला म्हणाली. "छपरावरचा. गोठला होता."

मिरॉन काही बोलणार होता, पण त्याचे लक्ष आईच्या हाताकडे गेले. ती ब्रेड डाव्या हाताने कापत होती आणि उजवा बाहीत ओढून घेतला होता.

"हाताला काय झालं?"

मला वाटले ती म्हणेल, अंगणात पडले. अंगणात सगळेच पडतात. इल्कोलाही तसेच वाटले असावे, त्याने तोंड उघडले होते.

"छपरावरून घसरले," टेक्ला म्हणाली.

"छपरावर तू गेलीस? या थंडीत?"

"मग कोण जाणार? तुम्ही तर चादरी धूत बसला होतात."

"मामा, याचसाठी तर मी म्हणतोय. मान मोडली असती तर?"

"तेव्हा माझ्या मानेचं काही नव्हतं. तुला वास नको होता. वास घालवला, तर आता मान." तिने सुरी खाली ठेवली. "वास येतो म्हणून नेणार होतास की नाही? सांग ना. माझा वास येतो म्हणून."

मिरॉनचे कान लाल झाले. लहानपणीही त्याचे तसेच व्हायचे.

"पुढच्या थंडीत पुन्हा गोठेल तो," तो शेवटी म्हणाला.

"गोठेल. लोकर तू घातलीस, पाइप तू उघडा ठेवलास. मला कशाला सांगतोस? वर जा."

तो सणाच्या कपड्यांतच माळ्यावर चढला. शॅरन खालून टॉर्च धरून उभी राहिली. वरून त्याचा आवाज आला, "अख्खा पाइप पांढरा आहे. काहीतरी गुंडाळायला द्या. जाड." टेक्ला आत गेली आणि प्रोकिपचा मेंढीच्या कातड्याचा कोट घेऊन आली. शॅरनने तो वर दिला. वर बराच वेळ खुडबुड चालली होती.

"बाह्यांचं काय करू?" मिरॉनने विचारले.

"बांध पाठीमागे," शॅरन वर बघत म्हणाली, "आणि गळ्यापर्यंत बटणं लाव. थंडी आहे."

टेक्लाने मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिने सुनेकडे पाहिले आणि पहिल्यांदा तिला बसायला आपली स्वतःची खुर्ची ओढून दिली.

मिरॉन खाली आला. अंगभर काचेची लोकर चिकटली होती आणि तो मान खाजवत होता. शॅरन म्हणाली, "फोन कर त्यांना. उगाच खोली अडवून ठेवू नको."

"हिवाळा अजून..."

"मिरॉन. फोन कर."

फोन भिंतीवर होता. मिरॉन वृद्धाश्रमातल्या बाईशी इंग्रजीत बोलला. आई येत नाही म्हणाला, कारण विचारले तेव्हा म्हणाला की तिचे घर ठीक आहे. टेक्ला भांड्यात पळी फिरवत होती. तिला इंग्रजी येत नाही असे ती सगळ्यांना सांगे, पण पळी थांबली होती.

"हो, मग ती खोली रिकामीच समजा," मिरॉन फोनवर म्हणाला.

"थांब," इल्को म्हणाला. "ठेवू नको फोन. त्या बाईला म्हणावं, माझं नाव लिहून घे."

आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो.

"तुझ्या घराला काय झालं?" टेक्लाने विचारले.

"घराला काही नाही झालं. परवा शिडी धरून उभा होतो ना, तर माझे पाय लटलटत होते. तू घसरलीस तेव्हा मी धरायला हवं होतं. हात उचलताच आला नाही." त्याने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "तू वर होतीस, तुला दिसलं नाही. हिला दिसलं."

टेक्ला माझ्याकडे वळली. मला दिसले होते. मी मान हलवली.

"तिथं दुपारी सूप देतात म्हणे," इल्को म्हणाला. "आणि चार जणं पत्ते खेळायला. मला काही वाईट वाटत नाहीये. तुम्ही तोंडं कशाला पाडता?"

मिरॉनने फोनमध्ये इल्कोचे नाव सांगितले, मग एकेक अक्षर सांगितले. पलीकडून काही विचारले गेले. त्याने फोनवर तळहात ठेवला.

"कधी येणार विचारतेय."

"आज नाही," इल्को म्हणाला. "आज मी इथं जेवायला आहे."

टेक्लाने झाकण काढले आणि डाव्या हाताने त्याला वाढले, मुलाच्याही आधी.